पाण्याखालची दहा मिनिटं

साशंक: आधी एक मान्य कर. त्या जुन्या पॉइंट-अँड-क्लिक साहसखेळांबद्दल तुम्ही लोक बोलता तेव्हा खेळाबद्दल बोलतच नाही. चाच्यांचे विनोद, पार्श्वसंगीत, रंगवलेले देखावे, यांचं कौतुक चालतं. खेळ म्हणजे खेळणाऱ्याने काय करायचं ते. आणि इथे करायचं काय, तर पडद्यावर कर्सर फिरवायचा, उचलता येईल ते उचलून झोळीत टाकायचं आणि मग झोळीतली प्रत्येक वस्तू दिसेल त्या वस्तूला लावून बघायची. सिएरा कंपनीचा १९९० चा ‘किंग्ज क्वेस्ट ५’ घे. राजा ग्रॅहमला बेकरीतून कस्टर्ड पाय नावाचा गोड पदार्थ विकत घेता येतो. पुढे बर्फाळ डोंगरात राजाला भुकेने चालवत नाही. झोळीत खायची वस्तू आहे, राजा उपाशी आहे. शहाणा माणूस काय करेल? खाईल. खेळ खाऊ देतो, वर काही बोलतही नाही. थोडं पुढे गेलं की हिममानव अंगावर येतो आणि त्याच्या तोंडावर फेकायला नेमका तोच पदार्थ लागतो! त्याच खेळात बेकरीजवळ एक मांजर उंदराच्या मागे धावताना दिसतं. क्षणभराचं दृश्य. तेव्हाच्या तेव्हा झोळीतला जुना बूट किंवा काठी मांजरावर फेकली नाही, तर पुष्कळ पुढे सराईच्या तळघरात तुम्हाला बांधून ठेवतात आणि दोर कुरतडायला उंदीर येत नाही. आपण कधीच हरलो आहोत हे खेळाला माहीत असतं, खेळणाऱ्याला नसतं. तो बिचारा तासन्‌तास डोकं फोडत बसतो, नसलेल्या उत्तरासाठी. याला कोडं म्हणायचं की छळ?

शौकीन: छळच. आणि तो छळ आहे हे सगळ्यात आधी याच धंद्यातल्या एका माणसाने लिहून ठेवलं. लुकासफिल्म गेम्समधल्या रॉन गिल्बर्टने १९८९ मध्ये एक लेख लिहिला. साहसखेळ इतके टाकाऊ का असतात, असाच त्याचा रोख होता. खेळणाऱ्याला पुढचं कळण्यासाठी आधी मरावं लागू नये, नकळत झालेल्या चुकीमुळे खेळ कायमचा बंद पडू नये, असे साधे नियम त्यात होते. गंमत म्हणजे त्याचा स्वतःचा १९८७ चा ‘मॅनिॲक मॅन्शन’ हे नियम पाळत नव्हता. गॅरी विनिकबरोबर केलेल्या त्या खेळातही माणूस कायमचा अडकू शकत होता. पण त्या खेळाने दुसरं एक मोठं काम केलं. त्याआधी बहुतेक साहसखेळांत आज्ञा टाइप करावी लागायची. दार उघडायचं हे तुला कळलेलं असायचं, पण त्यासाठी खेळाला कोणतं क्रियापद चालतं हे ओळखण्यात अर्धा वेळ जायचा. आपल्यासारख्या मराठी माध्यमवाल्यांची तर दांडीच गुल. ‘मॅनिॲक मॅन्शन’ने क्रियापदंच पडद्याच्या तळाशी मांडून ठेवली: उघड, ढकल, ओढ, दे, वापर. मग प्रश्न भाषेचा उरला नाही, विचाराचा उरला. आणि १९९० मध्ये, तुझा तो राजा डोंगरात उपाशी मरत होता त्याच वर्षी, गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांनी ‘द सिक्रेट ऑफ मंकी आयलंड’ केला.

त्यातला एकच प्रसंग सांगतो, मग तू छळ म्हण. गायब्रश थ्रीपवुड नावाचा पोरगेलासा नायक चाचा व्हायला निघालेला असतो. खलनायक त्याला एका जडशीळ मूर्तीला बांधून धक्क्यावरून समुद्रात ढकलतो. गायब्रशने आधीच फुशारकी मारलेली असते की, मी दहा मिनिटं श्वास रोखू शकतो. तळाशी आजूबाजूला धारदार हत्यारांचा नुसता सडा पडलेला असतो, आणि दोराची लांबी अशी की एकही हाताला लागत नाही. प्रत्येकाकडे जाऊन बघतोस, प्रत्येक वेळी वीतभर कमी पडते. आता उत्तर ऐक: ती मूर्ती उचलायची आणि चालत बाहेर यायचं. बस! खेळात आल्यापासून दिसेल ते उचलून झोळीत घालायची सवय तुला लागलेली असते, पण ज्याला आपण बांधलेले आहोत ते ओझंही उचलता येतं, हे सुचत नाही. त्या हत्यारांनी तुझी नजर पकडून ठेवलेली असते.

साशंक: आणि नाही सुचलं तर?

शौकीन: तर खरोखरची दहा मिनिटं गेली की गायब्रश मरतो. अख्ख्या खेळात त्याला मरता येतं ती बहुधा हीच एक जागा. आणि तो मेला की खालची क्रियापदं बदलतात: तरंग, फूग, कूज. शेवटचं क्रियापद असतं, उत्तरांचं पुस्तक मागव.

साशंक: बरं झालं तूच ते काढलंस. कारण विनोद म्हणून ठीक आहे, पण ते पुस्तक खरोखर विकायला होतं. इन्फोकॉमवाले ‘झॉर्क’सारख्या मजकुरी खेळांसाठी अदृश्य शाईत छापलेली उत्तरं विकायचे; खास पेन फिरवलं की ओळ उमटायची. सिएराची सूचनापुस्तकं होती, लुकासवाल्यांची पैसे मोजून फोन करायची सेवा होती. रोगही त्यांचाच, औषधही त्यांचंच! कोडं जितकं अन्यायकारक, तितकी पुस्तकं जास्त खपणार, असा तो हिशेब. मी शाळेत गणित शिकवते. गाईड छापणाऱ्यांनीच पाठ्यपुस्तक लिहिलं तर काय होईल हे मला कोणी सांगायला नको.

आणि मूर्तीचा प्रसंग तू निवडून काढलास. मी दुसरा काढते. ‘गॅब्रिएल नाइट ३’, १९९९. तेव्हा तर सगळं शहाणपण येऊन गेलं होतं ना? फ्रान्समधल्या एका गावात नायकाला मोटरसायकल भाड्याने हवी असते, पण ती त्याच्या मोझली नावाच्या मित्रासाठी राखून ठेवलेली. म्हणजे मोझली बनून जायला हवं. त्यासाठी मिशी हवी. मिशीसाठी काय करायचं? शेडच्या दाराला भोक आहे, त्याच्या कडेला चिकटपट्टी लावायची. मग मांजरावर पाणी उडवायचं म्हणजे ते त्या भोकातून पळेल आणि त्याचे केस पट्टीला चिकटतील. ते केस मेपल सिरपने ओठावर चिकटवायचे. आणि आता कळस बघ: मोझलीला मिशीच नाही! म्हणून त्याचा पासपोर्ट ढापून त्याच्या फोटोवर मार्करने मिशी काढायची. बिनमिशीच्या माणसाचं सोंग घ्यायला मिशी लावायची. एरिक वोल्पॉ नावाच्या लेखकाने २००० मध्ये हे कोडं पायरी-पायरीने मांडलं आणि निकाल दिला की साहसखेळांचा कोणी खून केला नाही, त्यांनी आत्महत्या केली. मला तो निकाल आजही पटतो.

शौकीन: निकाल टाळ्या घेणारा आहे, पुरावा मात्र तोकडा. मिशीचं कोडं भिकारच आहे, त्याची वकिली मी करणार नाही. पण सिएराचं कॅलिफोर्नियातल्या ओखर्स्टचं मूळ कार्यालय २२ फेब्रुवारी १९९९ ला बंद केलं गेलं, तो खेळ त्या वर्षी बाजारात पोचायच्याही आधी. म्हणजे रोगी दगावल्यानंतर आलेल्या तापाला तू मृत्यूचं कारण ठरवते आहेस. १९९८ चा ‘ग्रिम फँडँगो’ घे. मेक्सिकोतल्या मृतांच्या सणाची कल्पना, जुन्या काळ्या-पांढऱ्या गुन्हेपटांची हवा, समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला; तरी खपला नाही. तोवर ‘डूम’ येऊन पाच वर्षं झाली होती. त्याच पैशात लोकांना धावायला आणि गोळ्या झाडायला मिळत होतं. साहसखेळात प्रत्येक देखावा हाताने रंगवायचा, प्रत्येक वाक्य नटाकडून बोलवून घ्यायचं, आणि खेळून झालं की माणूस पुन्हा त्याकडे वळत नाही. खर्च चढता, गिऱ्हाईक तेवढंच. यात मांजराचा काय दोष?

आणि अडकायला लोक कंटाळले होते म्हणशील, तर ‘मिस्ट’चं काय करशील? रँड आणि रॉबिन मिलर या भावांचा १९९३ चा खेळ. एक निर्जन बेट, कोणी काही सांगत नाही, नियम नाहीत, मरण नाही. नुसती यंत्रं, पुस्तकं आणि गूढ शांतता. साठ लाखांहून जास्त प्रती गेल्या, आणि २००२ मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत घरगुती संगणकावर सगळ्यात जास्त खपलेला खेळ तोच होता. त्या लाखो लोकांपैकी बहुतेक त्या बेटावर अडकूनच पडले असणार.

साशंक: आणि किती जणांनी तो पुरा केला? नवा सीडी-रॉम ड्राइव्ह घरी आला, पाहुण्यांना दाखवायला एक सुंदर चित्रमालिका हवी होती, ती मिळाली. खप म्हणजे खेळल्याचा पुरावा नव्हे. शब्दकोश काय कमी खपतात?

तरी बाजाराचं सोड, तो माझा मुद्दाच नाही. मला दुसरं विचारायचं आहे. अडकण्यात तुम्हा लोकांना जी काही महत्ता दिसते ती खेळात होती की परिस्थितीत? तूच आठवून बघ. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली एक सीडी, तिच्यावर मार्करने लिहिलेलं नाव. खोका नाही, मॅन्युअल नाही. घरी इंटरनेट नाही, असलंच तर फोनचं बिल वाढवणारं. अमेरिकेतल्या त्या उत्तरं सांगणाऱ्या नंबरला आयएसडी लावला असता तर वडिलांनी संगणकच उचलून परत दिला असता. दुसरा खेळ नाही. मग त्याच खेळापुढे बसून राहणार नाही तर काय करणार? ज्याला तू चिंतन म्हणतोस ती टंचाई होती. आता टंचाई गेली, पायरी-पायरीने उत्तरं सांगणारा वॉकथ्रू खिशात आला, आणि चिंतनही गेलं. म्हणजे तुला तो खेळ परत नको आहे. उत्तर न मिळण्याची सोय परत हवी आहे.

शौकीन: हे लागलं, कबूल. पण अर्धंच लागलं. कारण टंचाई सगळ्याच खेळांची होती आणि मी सगळ्याच खेळांपुढे तसा बसलो नाही. तेव्हा ‘डेव्ह’ही होता, ‘रोड रॅश’ही होता. संगणक बंद केला की ते बंद व्हायचे. ‘डे ऑफ द टेंटॅकल’ मात्र बंद व्हायचा नाही, बसमध्ये चालू असायचा. हा १९९३ चा. तीन मित्र, तिघं एकाच वाड्यात, पण तीन काळांत: एक आजच्या, एक दोनशे वर्षं मागच्या, एक दोनशे वर्षं पुढच्या. वस्तू एकमेकांना पाठवायच्या तर टाइम मशीन म्हणून वापरल्या जाणाऱ्या फिरत्या संडासातून, फ्लश करून. आता भविष्यकाळातल्या लॅव्हर्नला एक जिवंत हॅमस्टर हवा आहे. आजच्या बर्नार्डने हॅमस्टर बर्फाच्या यंत्रात ठेवला, की दोनशे वर्षांनी तिला तो तिथेच मिळतो, गोठलेला. मायक्रोवेव्हमध्ये वितळवला, तर तो कुडकुडतो. त्याला स्वेटर हवा, हॅमस्टरच्या मापाचा. मग बर्नार्डने माणसाचा स्वेटर कपडे वाळवायच्या यंत्रात टाकून यंत्रात इतकी नाणी सरकवायची, की ते दोनशे वर्षं फिरत राहील. लॅव्हर्नने तिच्या काळात यंत्र उघडलं की आत आकसलेला इवलासा स्वेटर. हे सगळं वेडगळ आहे, पण त्या वेडात एक काटेकोर न्याय आहे. वेळ गेला की वस्तूंचं काय होतं, हा एकच नियम, आणि तो सगळीकडे लागू. तो कळला की पडद्यावरची प्रत्येक गोष्ट दोनशे वर्षांनी कशी दिसेल असं मन आपोआप बघू लागतं. ही करामत टंचाईची नाही. ती रचणाऱ्याची आहे.

साशंक: हे मात्र खरोखर सुंदर आहे. पण त्याच खेळात लॅव्हर्न भविष्यातल्या एका झाडाला लटकलेली असते. तिला सोडवायचं तर भूतकाळातल्या मित्राने त्या झाडाची फळं लाल रंगवायची, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनला ते चेरीचं झाड वाटून तो ते तोडेल. वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाची ती गोष्ट खरं बोलण्याचा धडा म्हणून आपल्याकडेही मुलांच्या कानावर पडली, म्हणून तू सुटलास. पण अमेरिकेचा पहिला झेंडा बेट्सी रॉसने शिवला ही आख्यायिका? तिच्या झेंड्याच्या नमुन्याजागी दुसराच नमुना ठेवायचा, म्हणजे दोनशे वर्षांनी झेंडा म्हणून लॅव्हर्नला हवा तसा वेश फडकेल, हे इथल्या पोराला कुठून सुचणार? काटेकोर न्याय म्हणतोस, पण कायदा अमेरिकन शाळेच्या दप्तरात ठेवलेला. माझ्या वर्गात मी असं गणित घातलं तर पालक तक्रार करतील, आणि बरोबर करतील. उदाहरणात लागणारं सगळं उदाहरणातच असलं पाहिजे.

शौकीन: मग तुझ्याच वर्गात येतो. पुस्तकाच्या शेवटी उत्तरं असतात. पोरांना तू काय सांगतेस? मागे बघू नका, बसा, खटपट करा. उत्तर तर तुझ्याकडे आहे, त्यांच्याकडेही आहे, पान उलटलं की संपलं. टंचाई नाहीच. तरी अडकून बसा म्हणतेस ना? का? कारण उत्तर मिळण्यापेक्षा ते मिळण्याआधीच्या अर्ध्या तासात काहीतरी घडतं असा तुझाही विश्वास आहे. तोच तर माझाही आहे.

साशंक: विश्वास आहेच. पण मी त्यांना कशापुढे बसवते ते बघ. त्या उदाहरणाला उत्तर आहे याची हमी मी दिलेली असते. काय काढायचं ते लिहिलेलं असतं. आणि चुकलं तर कुठे चुकलं हे त्यांना स्वतःला तपासून बघता येतं. तुझ्या खेळात यातलं काय आहे? चुकीची वस्तू चुकीच्या जागी वापरली की नायक एक ठरलेलं वाक्य बोलतो, असं चालणार नाही म्हणून. शंभर चुकांना तेच वाक्य. जवळ आलो की लांब गेलो, काही पत्ता नाही. मग माणूस विचार सोडून देतो आणि सगळं सगळ्याला घासत सुटतो. तोच वोल्पॉ पुढे टिम शेफरबरोबर ‘सायकोनॉट्स’ लिहायला बसला आणि मग २००७ मध्ये ‘पोर्टल’ लिहिला, हे मला बोलकं वाटतं. ‘पोर्टल’ हाही कोड्यांचाच खेळ, विनोदीही. पण तो आधी नियम शिकवतो, मग तोच नियम पिळून बघायला लावतो. लुकास पोपचा २०१८ चा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ तर माझ्या मते यावरचा नेमका तोडगा आहे. ओस पडलेलं जहाज, साठ माणसं, प्रत्येकाचं नाव आणि प्रत्येकाचं काय झालं ते तू शोधायचं. आणि उत्तरं तिनाच्या घोसात पक्की होतात: तीन माणसांची बरोबर आली तरच खेळ हो म्हणतो. म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे बंद. चूक कळते, पण घासाघीस करून बरोबर येता येत नाही. जुन्या खेळांमधलं चांगलं होतं ते अशा खेळांत आलं, वाईट होतं ते गळलं. मग मागे वळून पाहायचं कशाला?

शौकीन: कारण एक गोष्ट आली नाही, आणि तू ती आत्ताच नकळत बोलून गेलीस. काय काढायचं ते लिहिलेलं असतं, म्हणालीस. ‘ओब्रा डिन’मध्येही पहिल्या पानापासून प्रश्न ठाऊक असतो: कोण, कसा, कोणाच्या हातून. ‘पोर्टल’मध्ये दार समोर असतं. मंकी आयलंडच्या पहिल्याच भागात गायब्रशला एक रबराची कोंबडी मिळते, तिच्या मधोमध कप्पी बसवलेली. ही कशाचं उत्तर आहे? माहीत नाही. कुठे कोणी कोंबडी मागितलेली नाही. ती झोळीत घेऊन तू गावभर हिंडतोस. पुष्कळ वेळाने समोरच्या बेटाकडे गेलेली एक तार दिसते, आणि कोंबडी म्हणजे त्या तारेवरून घसरत जायचा पाळणा आहे हे टाळक्यात येतं. तोपर्यंत ती तार हा प्रश्न आहे हेसुद्धा तुला ठाऊक नव्हतं. पाण्याखालीही तेच. तिथे खेळणारा दोर कसा कापू या प्रश्नाचं उत्तर शोधत असतो, आणि तो प्रश्नच चुकीचा असतो. प्रश्न ओळखणं हाच त्या खेळांचा खेळ होता. तू सांगतेस त्या नव्या खेळांनी कोडी सुधारली, पण प्रश्न आधीच हातात देऊन.

साशंक: थांब, यावर मला घाईने बोलायचं नाही. हे मला तुझ्या आधीच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा वजनदार वाटतं. गणितातही खरं गणित तिथेच सुरू होतं, आणि आम्ही मास्तर लोक मुलांना तिथपर्यंत क्वचितच नेतो, हेही कबूल करते. पण एक बघ. प्रश्न लपवला की न्याय-अन्यायाची रेघच पुसली जाते. रबराची कोंबडी आणि मांजराची मिशी यांत फरक काय? दोन्हींत प्रश्न सांगितलेला नाही, दोन्हींत रचणाऱ्याच्या डोक्यात शिरावं लागतं. तुला एक आवडलं, एक नाही. मग तुझा निकष काय? उत्तर कळल्यावर हसू आलं की कोडं चांगलं, चरफड झाली की वाईट? ही आवड झाली, निकष नव्हे.

शौकीन: निकष देतो. उत्तर कळल्यावर मागचं सगळं पुन्हा वाचता आलं पाहिजे. कप्पी सुरुवातीपासून दिसत होती, दोर मूर्तीलाच होता, सगळं डोळ्यांसमोर होतं. मिशीच्या कोड्यात मागे वळून बघितलं तरी काही दिसत नाही, कारण ते उत्तर मागच्या कशातूनच निघत नाही. आणखी एक देतो. मंकी आयलंडमधली तलवारबाजी. तिथे तलवार नावालाच, लढाई शब्दांची. चाच्याने अपमान फेकायचा, तू त्याला साजेसं उत्तर द्यायचं. उत्तर बसलं की तू एक पाऊल पुढे. तमाशातला सवाल-जवाबच म्हण ना. सुरुवातीला तुझ्याकडे काहीच नसतं, म्हणून वाटेवरच्या चाच्यांकडून हरत हरत त्यांचे अपमान आणि जवाब गोळा करायचे. मग बेटावरच्या सगळ्यात मोठ्या तलवारबाज बाईसमोर, कार्लासमोर, उभा राहतोस आणि ती भलतेच अपमान फेकते, एकही ऐकलेला नाही. जवाब मात्र तेच, तुझ्याजवळचे जुने. कोणता कशावर बसतो हे त्यातला टोमणा समजून घेतल्याशिवाय कळत नाही. जोड्या पाठ करून आलेला तिथे आडवा होतो. हा प्रसंग रचणाऱ्याने प्रश्न बदलला आणि उत्तरं तीच ठेवली. हे तर तुला आवडायला हवं.

साशंक: आवडलं, आणि उद्याच्या तासाला चोरणारही आहे. पण लक्षात घे, तिथे चूक लगेच कळते, पुन्हा उभं राहता येतं, हरण्यातूनच माल जमतो. म्हणजे तुझ्या खेळातला सगळ्यात चांगला प्रसंग माझ्या नियमांनी चालतो. आणि ‘मागचं पुन्हा वाचता आलं पाहिजे’ हा तुझा निकष उत्तर सापडलेल्यालाच लागू. ज्याला ते सापडलंच नाही त्याच्यासाठी कोंबडी आणि मिशी सारखीच. निकाल नेहमी पलीकडे पोचलेलाच देतो.

हेच मला नव्या आवृत्त्यांबद्दल वाटतं. २०२२ च्या ‘रिटर्न टू मंकी आयलंड’मध्ये गिल्बर्टने स्वतःच सूचनांचं पुस्तक नायकाच्या झोळीत ठेवलं. विचारलं की थोडं सांगतं, पुन्हा विचारलं की आणखी थोडं. ज्या माणसाने एके काळी मेलेल्या नायकाखाली ते पुस्तक मागवायचा विनोद केला, त्यानेच ते फुकट दिलं. मला यात प्रामाणिकपणा दिसतो.

शौकीन: मलाही. लोकांनी नाकं मुरडली, मी नाही. ते पुस्तक उत्तर देत नाही, आधी कुठे बघ ते सांगतं. खिशातल्या वॉकथ्रूपेक्षा शतपटीने सभ्य. पण ‘ब्रोकन स्वोर्ड’च्या बोकडाचं काय? १९९६ चा खेळ. आयर्लंडमधल्या पडक्या किल्ल्यात बोकड वाट अडवून असतो. त्याची धडक खायची आणि पडल्यापडल्या, तो सावरायच्या आत, शेजारच्या जुन्या अवजाराकडे धाव घ्यायची, म्हणजे तो त्यात अडकतो. तोवरच्या सगळ्या खेळात घाईचं काम कधी पडलेलं नसतं. म्हणून कित्येक जण तिथेच खिळले. पुढच्या सुधारित आवृत्तीत तो प्रसंग सोपा केला. तुझ्या नियमाने योग्यच, नाही का?

साशंक: नाही. तो बोकड मला तसाच हवा. कोडं वाईट आहे, पण ते त्या काळाचं वाईट कोडं आहे. ते घासूनपुसून ठेवलं तर पुढच्या माणसाला आपण कशाबद्दल भांडत होतो हेच कळणार नाही. म्हणूनच २००१ पासून चाललेलं ‘स्कमव्हीएम’चं काम मला मोलाचं वाटतं. जुन्या खेळाच्या मूळ फायली आजच्या संगणकावर, फोनवर जशाच्या तशा चालतात, बोकडासकट. जतन करायचं तर काटा काढून करू नये.

शौकीन: बघ, बोकडाच्या बाजूने तू आणि सुधारणेच्या बाजूने मी! मग एक करून पाहू. तुझ्या वर्गाला तो पाण्याखालचा प्रसंग दे. फोन नाही, इंटरनेट नाही, दहा मिनिटं.

साशंक: देईन. पण आधी फळ्यावर लिहीन: दोर न कापता बाहेर या.

शौकीन: मग कोडंच संपलं. तेवढं एक वाक्य तर शोधायचं होतं.

साशंक: आणि नाही लिहिलं तर निम्मी मुलं दहा मिनिटं त्या चाकूंकडेच जात राहतील, शेवटी कंटाळतील, आणि आपल्याला हे जमत नाही एवढंच शिकून घरी जातील.

शौकीन: जातील. उरलेली निम्मी मात्र हे जन्मात विसरणार नाहीत.

साशंक: उरलेल्यांचं कळलं. मी पहिल्या निम्म्यांबद्दल विचारते आहे.